मोंढ्याची वही मोबाइलवर: लॉगिन, आणि कुणाला काय दिसावं

तेरणाकाठ (३० ऑगस्ट, रात्री १०:१५)

राम राम मंडळी.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी एक वेब अ‍ॅप केलंय. जँगो (पायथॉन भाषेतली वेबसाइट बनवायची चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), बाकी फार काही नाही. सभासद सोयाबीन घेऊन येतो, भुईकाट्यावर भरलेली गाडी आणि मग रिकामी गाडी तोलली जाते, हवा-माती-डागी (ओलावा, माती-कचरा, खराब दाणे) बघून कपात लागते, पट्टी (मालाच्या हिशेबाची पावती) निघते आणि पैसे खात्यावर जातात. दोन हंगाम हे अ‍ॅप ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चाललं. लॉगिन नव्हतंच. ज्याच्याकडं ऑफिसची किल्ली, त्याच्याकडं अ‍ॅप.

यंदा संचालक मंडळानं ठरवलं की सभासदाला स्वतःची पट्टी घरबसल्या मोबाइलवर दिसली पाहिजे. मागणी रास्त आहे. बारा-पंधरा किलोमीटरवरून माणूस फक्त 'पट्टी झाली का' विचारायला येतो, त्याचा अर्धा दिवस जातो. म्हणून मी लॉगिनचं पान केलं, मोबाइल नंबर आणि पासवर्ड ठेवला, सर्व्हर भाड्यानं घेतला आणि चाचणीसाठी दहा सभासदांना लिंक दिली.

तिसऱ्या दिवशी अकरावीतला एक पोरगा मला भेटायला आला. वडिलांची पट्टी बघताना त्याला वरच्या पत्त्याच्या शेवटी ४१२ दिसलं. त्यानं तिथं ४१३ टाकलं आणि चुलत्याची पट्टी उघडली. वजन, कपात, रक्कम, बँक खात्याचा नंबर, सगळं समोर. त्या दोन घरांत बांधावरून आधीच बोलणं नाही. पोरगं सरळ मनाचं, त्यानं घरात कुणाला न सांगता आधी मला दाखवलं. मी त्याच संध्याकाळी साइट बंद केली. रात्रभर डोक्यात एकच, की हे त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाला सापडलं असतं तर?

लॉगिन होतं, पासवर्ड होता, तरी हे झालं. म्हणजे मी दार बसवलं, पण आत गेल्यावर कुणी कुठल्या खोलीत जायचं ते ठरवलंच नाही. आता नीट करायचंय. आमच्याकडची माणसं अशी: काट्यावरचा तोलारी, माल बघून हवा-माती लावणारा, हिशेबनीस, कंपनीचा सीईओ, संचालक, वर्षातून एकदा येणारे सीए, आणि सभासद. दसऱ्यानंतर माल सुरू होईल, तेवढाच वेळ आहे. सुरुवात कुठून करू? आणि पट्टीच्या क्रमांकाऐवजी पत्त्यात लांबलचक आडवातिडवा कोड टाकला तर एवढ्यानं भागेल का?

---

बालाघाट (३१ ऑगस्ट, सकाळी ७:३०)

मूळचा अंबाजोगाईचा, आता पुण्यात हेच काम करतो. त्या पोराला कंपनीच्या सभेत बोलावून शाबासकी द्या, हे आधी सांगतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: भागणार नाही. लांब कोडमुळं अंदाज बांधता येत नाही, तेवढा फायदा आहे, पण पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं गेला की कोड कितीही लांब असो, ज्याच्या हातात तो आला त्याला पट्टी दिसणार. पट्टी कुणाची आहे हे सर्व्हरनं प्रत्येक वेळी तपासलं पाहिजे. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्पच्या टॉप टेन यादीत हा दोष २०१७ साली पाचव्या क्रमांकावर होता, २०२१ च्या यादीत पहिल्यावर आला. तेव्हा ही तुमच्या एकट्याची चूक समजू नका.

तुमच्या कोडमध्ये बहुतेक असं असेल: 'सगळ्या पट्ट्यांतून ४१३ क्रमांकाची आण'. ते असं पाहिजे: 'या माणसाला दिसू शकणाऱ्या पट्ट्यांतून ४१३ क्रमांकाची आण'. आधी आणून मग विचारायचं आणि सुरुवातच त्याच्या पट्ट्यांपासून करायची, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या पद्धतीत एखाद्या पानावर विचारायचं राहून जातं. दुसऱ्या पद्धतीत प्रश्न वेगळा विचारावाच लागत नाही. पट्टीच्या मॉडेलवर (जँगोतला टेबलाचा आराखडा) एकच फंक्शन लिहा, 'या वापरकर्त्याला दिसणाऱ्या पट्ट्या', आणि यादी, तपशील, पीडीएफ, शोध, एक्सेल, सगळं त्यातूनच जाऊ द्या. सापडली नाही तर ४०४ ('असं काही नाही') द्या. ४०३ ('परवानगी नाही') दिलं तर 'पट्टी आहे, पण तुझी नाही' एवढी बातमी तरी बाहेर जाते.

दुसरं, मुळात सगळं बंद ठेवा आणि लागेल तेवढंच उघडा. जँगो ५.१ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, लॉगिन-रिक्वायर्ड मिडलवेअर (प्रत्येक विनंती जिच्यातून जाते ती चाळणी) आहे. ते लावलं की प्रत्येक पानाला लॉगिन लागतंच, फक्त लॉगिनच्या पानासारख्या मोजक्या पानांवर सूट लिहायची. आधीच्या पद्धतीत प्रत्येक व्ह्यूवर (पान दाखवणाऱ्या फंक्शनवर) डेकोरेटर (वर लिहायची तपासणीची ओळ) लावावा लागायचा, आणि रात्री अकराला घाईत लिहिलेला एक व्ह्यू हमखास सुटायचा.

तिसरं, सुपरयुजरनं (सगळे अधिकार असलेल्या खात्यानं) लॉगिन करून चाचणी करू नका. जँगोत सुपरयुजरला प्रत्येक परवानगीचं उत्तर 'हो' येतं. तुम्हाला सगळं चालताना दिसेल आणि कुलूप लागलंय की नाही ते कधी कळणारच नाही.

---

काळीमाती (३१ ऑगस्ट, दुपारी १:०५)

उदगीरच्या मोंढ्यात माझे पंचेचाळीस वर्ष गेले. मला कॉम्प्युटरचं काही कळत नाही, पोरगा वाचून दाखवायलाय, मी सांगायलोय आन् तो टाईप करायलाय.

तुम्ही जे इचारायलाव ते आमच्या वहीत आधीपासून आहे की. काट्यावर जो तोलतो त्यानं पट्टी करायची नाही. पट्टी करणाऱ्यानं काट्याला हात लावायचा नाही. काटापावतीच्या तीन प्रती, कार्बन लावून. एक शेतकऱ्याला, एक मुनिमाला, एक बुकातच राहती. आकडा चुकला तर खोडायचा नाही, रबर तर दुकानात ठेवतच नव्हतो. एक आडवी रेघ, वरचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला नवा आकडा आन् सही. आमचे वडील म्हणायचे, वजन करणारा आन् पैसे देणारा एकच माणूस झाला तर चांगला माणूस पण बिघडतो.

तुमच्या मशिनीत हे बसतंय का ते बघा. बसत नसंल तर वही बरी.

---

तेरणाकाठ (३१ ऑगस्ट, रात्री ९:२०)

काका, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मी 'भूमिका' लिहून काढायलो होतो, पण माणसांच्या हुद्द्यावरून. तुम्ही कामावरून सांगितलं. माझ्या अ‍ॅपमध्ये आज तोलारी पट्टी बनवू शकतो, कारण सगळं एकाच स्क्रीनवर आहे. आणि चुकलेली नोंद डिलीट होते, मागे काही उरत नाही. हे आधी बदलतो.

बालाघाट दादा, जँगोच्या ग्रुप आणि परमिशनवर भागेल का? की वेगळी लायब्ररी घ्यावी?

---

बालाघाट (३१ ऑगस्ट, रात्री ११:००)

काकांनी सांगितलं त्याला आमच्या धंद्यात 'कर्तव्यांची विभागणी' म्हणतात. त्यांच्या वडिलांचं वाक्य मी माझ्या टीमला सांगणार आहे.

अंगच्या ग्रुपवर बरंचसं भागेल. प्रत्येक मॉडेलला जँगो चार परवानग्या आपोआप देतो: नवीन घालणं, बदलणं, काढणं आणि बघणं. तोलाऱ्याच्या ग्रुपला वजनाची नोंद 'घालणं' आणि 'बघणं' द्या, बदलणं नको. 'काढणं' तर कुणालाच नको. त्याऐवजी 'पट्टी रद्द करणं' ही स्वतःची परवानगी करा. रद्द म्हणजे नोंद जागेवर राहणार, वर रेघ, कारण, कुणी आणि कधी. हुबेहूब काकांची वही.

पण एक खड्डा माहीत असू द्या. या परवानग्या सगळ्या टेबलासाठी असतात. 'हीच पट्टी बघता येईल का' असं विचारायला त्याच फंक्शनला पट्टी सोबत दिली, तर जँगोचा मूळ बॅकएंड (परवानगी तपासणारा भाग) साध्या वापरकर्त्याला कायम 'नाही' म्हणतो. माणूस दोन तास डोकं धरून बसतो आणि शेवटी वैतागून तपासणीच काढून टाकतो. ओळीपुरती परवानगी आपणच लिहायची असते, वर सांगितलेल्या 'दिसणाऱ्या पट्ट्या' फंक्शनमध्ये. लायब्ररी आत्ता नको.

---

पैनगंगा (१ सप्टेंबर, सकाळी १०:१०)

नांदेडहून. मी म्हणेन जेडब्ल्यूटी (सर्व्हरनं सही करून दिलेलं ओळखपत्र, म्हणजे टोकन) वापरा. टोकनमध्येच भूमिका लिहून येते, सर्व्हरला प्रत्येक वेळी डेटाबेस बघायची गरज नाही. पुढं मोबाइल अ‍ॅप केलं तरी तेच चालेल. सेशन आता जुनी पद्धत झाली.

---

बालाघाट (१ सप्टेंबर, दुपारी १२:४०)

पैनगंगा, इथं मी सहमत नाही, आणि कारण नीट सांगतो. टोकनवर सही असते, म्हणून सर्व्हर ते न विचारता खरं मानतो. समजा हंगामाच्या मधेच एखाद्या तोलाऱ्याला कामावरून कमी केलं. त्याच्या फोनमधलं टोकन मुदत संपेपर्यंत चालूच राहणार. ते मधे बंद करायचं तर रद्द टोकनांची यादी ठेवावी लागते आणि ती प्रत्येक वेळी बघावी लागते. म्हणजे जो डेटाबेस टाळायला निघालो, तिथंच परत आलो.

सेशनमध्ये ब्राउझरकडं फक्त एक अर्थहीन लांब क्रमांक असतो, बाकी माहिती सर्व्हरकडं. जँगोत वापरकर्त्याचं 'सक्रिय' या घरातली खूण काढली की त्याची पुढची क्लिक लॉगिनच्या पानावर जाते. पासवर्ड बदलला की इतर ठिकाणची सेशनंही आपोआप बाद होतात. काही हजार सभासदांच्या कंपनीला प्रत्येक क्लिकमागं डेटाबेसची एक चौकशी जड नाही. अनेक वेगवेगळ्या सेवा एकमेकांशी बोलतात तिथं टोकनचा उपयोग आहे, मीही वापरतो. इथं त्याची गरज नाही.

---

पैनगंगा (१ सप्टेंबर, दुपारी २:१५)

कामावरून काढलेल्या माणसाचा मुद्दा पटला. तो विचार मी केला नव्हता. माझा शब्द मागे घेतो.

---

दुधना (१ सप्टेंबर, रात्री ८:३०)

सेलूची. अशाच एका संस्थेत सहा वर्षं हिशेब सांभाळते. प्रोग्रामिंग येत नाही, पण लॉगिनचा त्रास रोज सोसणारी मीच आहे, म्हणून बोलते.

ऐन हंगामात काट्यावर काय होतं ते ऐका. रात्रीचे दहा, बाहेर ट्रॅक्टरची रांग, कट्टे उतरवायला हमाल थांबलेत. तोलारी जेवायला गेला की दुसरा बसतो. तो पहिल्याचं लॉगिन बंद करून स्वतःचं करत बसत नाही, कारण मोठा पासवर्ड टाकायला मिनिट लागतं आणि बाहेरून हाका येतात. मग दिवसभराची सगळी वजनं एकाच माणसाच्या नावावर. तंटा झाला की तो म्हणतो, मी नव्हतोच. आणि तो खरं बोलत असतो. सामायिक लॉगिन झालं की काकांच्या वहीतली सही गेली.

तेव्हा काट्यावरच्या माणसाला अदलाबदल करायला दोन सेकंद लागतील असं काहीतरी द्या. सकाळी सीईओनं तो कॉम्प्युटर पासवर्डनं उघडावा, आणि मग प्रत्येक वजनाला तोलाऱ्यानं आपला सहा आकडी पिन टाकावा. पिन फक्त त्याच कॉम्प्युटरवर चालावा, घरून नाही.

दुसरी विनंती, दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती करू नका. आमच्याकडं होती. सगळ्यांनी शेवटी महिन्याचा आकडा लावला, जानेवारीला १, फेब्रुवारीला २. एकानं तर कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला होता.

---

खाम (१ सप्टेंबर, रात्री ११:३५)

संभाजीनगर. सुरक्षा तपासणीचं काम करतो.

ताईंच्या दुसऱ्या मुद्द्याला आधार आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शिकेतच सांगितलं की ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नये. चोरीला गेल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावावा. लांबी महत्त्वाची, आणि फुटलेल्या पासवर्डच्या याद्यांत तो आहे का ते बघणं महत्त्वाचं.

पिन आणि ओटीपीचं एक गणित. चार आकडी पिनचे प्रकार १०,००० होतात. सर्व्हरनं चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा ठेवली नाही आणि कुणी सेकंदाला दहा प्रयत्न करणारा छोटा प्रोग्राम लावला, तर सगळे प्रकार सतरा मिनिटांत संपतात. सहा आकडी असेल तर सव्वा दिवसाहून कमी. म्हणून पाच चुकांनंतर थांबा, आणि थांबण्याचा वेळ वाढवत न्या. जँगो हे स्वतःहून करत नाही, वेगळं लावावं लागतं.

आता तेरणाकाठ, तुम्हाला एक विचारतो. काटापावतीचे फोटो अपलोड होतात का? होत असतील तर ते कुठून दाखवले जातात?

---

तेरणाकाठ (२ सप्टेंबर, सकाळी ६:५०)

होतात. मीडिया फोल्डरमध्ये, एनजिनेक्स (जँगोच्या पुढं बसलेला वेब सर्व्हर) थेट देतो.

...आत्ताच तपासलं. लॉगिन न करता फोटोचा पत्ता टाकला, फोटो उघडला. त्यावर सभासदाचं नाव आणि गाडीचा नंबर आहे.

---

खाम (२ सप्टेंबर, सकाळी ९:१५)

हेच वाटलं होतं. मी तपासलेल्या कितीतरी साइटवर पुढचं दार पक्कं असतं आणि फोटोचं फोल्डर मोकळं असतं, कारण ती विनंती जँगोपर्यंत पोहोचतच नाही. उपाय अवघड नाही. एनजिनेक्समध्ये ते फोल्डर 'अंतर्गत' करा. फोटोची विनंती आधी जँगोकडं येऊ द्या, तिथं 'दिसणाऱ्या पट्ट्या' मधून तपासा, आणि मग एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट या हेडरनं (उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनेनं) एनजिनेक्सला सांगा की आता दे. फाइल देण्याचं काम एनजिनेक्सच करतो, त्यामुळं वेगही जात नाही.

याच रांगेत आणखी दोन ठिकाणं आहेत जिथं लोक विसरतात: एक्सेल डाउनलोड, आणि नाव टाइप करताना खाली येणारी सुचवण्यांची यादी. सभासदानं 'रा' टाइप केलं आणि गावातले सगळे राम, राजू, राधा दिसायला लागले, असं होऊ देऊ नका.

कुकीचं (ब्राउझरमध्ये साठवलेल्या ओळखीचं) तपासा. जँगोत एचटीटीपी-ओन्ली आधीपासून चालू असतं, म्हणजे पानातली स्क्रिप्ट सेशन कुकी वाचू शकत नाही. सेम-साइट 'लॅक्स' असतं (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक विनंत्यांसोबत कुकी जात नाही), तेही ठीक. पण 'सिक्युअर' मुळात बंद असतं, ते तुम्हीच चालू करायचं, म्हणजे कुकी फक्त एचटीटीपीएसवर जाईल. सेशनची मुदत मुळात दोन आठवडे आहे. सभासदाच्या फोनवर चालेल, हिशेबाच्या कॉम्प्युटरवर दिवस संपला की संपवा.

---

गोदाकाठ (२ सप्टेंबर, दुपारी ४:००)

मी नांदेडला एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, अनुभव कमी आहे. पण प्रोजेक्टमध्ये एक गोष्ट सापडली होती ती सांगते.

आमच्या लॉगिनमध्ये काही जणांना 'हा नंबर नोंदलेला नाही' असं यायचं, आणि नंबर तर बरोबर दिसायचा. शेवटी कळलं की त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता आणि त्यांनी नंबर देवनागरी आकड्यांत टाकला होता. डोळ्याला तो नंबर तोच, कॉम्प्युटरला वेगळा. पायथॉनमध्ये 'दहा अंक आहेत का' ही रेजेक्सची (मजकुराचा साचा जुळवण्याची) तपासणी देवनागरी अंकांनाही पास करते, त्यामुळं चूक तिथं पकडली जात नाही. डेटाबेसमध्ये शोधताना मात्र जुळत नाही. युनिकोडचं एनएफकेसी सामान्यीकरण (सारखी चिन्हं एका रूपात आणणं) केलं तरी देवनागरी अंक इंग्रजी होत नाहीत. आपणच एकेक अंक बदलून घ्यावा लागतो.

पासवर्ड मराठीत ठेवला तर अजून एक आहे. 'दुसऱ्या' मधला र्‍य दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर आणि हलंत वापरतात, काही साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही सारखे, हॅश (पासवर्डचं साठवलेलं गुप्त रूप) मात्र पूर्ण वेगळा. हे सामान्यीकरणानंही एक होत नाहीत. घरच्या फोनवरून लॉगिन होतं आणि ऑफिसातून होत नाही, त्याचं कारण हे असू शकतं.

---

बालाघाट (२ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०)

गोदाकाठ, अनुभव कमी म्हणू नका. हे मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्याला जोडून एक. बीक्रिप्ट हे हॅशिंग वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ते पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतं. इंग्रजीत ती ७२ अक्षरं झाली, कुणाला अडचण येत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये तीन बाइट घेतं, काना-मात्रा-हलंत वेगळे मोजून. म्हणजे २४ चिन्हं झाली की पुढचं सगळं वाया. अभंगाची एक पूर्ण ओळ पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्या माणसाची अर्धीच ओळ कामाला येते. जँगोत मुळातलं हॅशिंग पीबीकेडीएफ२ आहे, त्याला ही मर्यादा नाही, तेव्हा तेरणाकाठ, तुम्ही ते बदलू नका.

---

तेरणाकाठ (३ सप्टेंबर, रात्री १०:४५)

दहापैकी तीन सभासदांनी 'लॉगिन होत नाही' असा फोन केला होता. मला वाटलं, पासवर्ड विसरले असतील. आज नोंदी काढून बघितल्या, तिन्ही ठिकाणी देवनागरी आकडे. त्या माणसांना मी 'नीट टाका' म्हणून सांगितलं होतं. उद्या तिघांना फोन करून सांगतो की चूक माझी होती.

आता सभासदांना पासवर्ड द्यावाच का, हा प्रश्न उरलाय. ओटीपी? की गुगलचं लॉगिन?

---

दुधना (४ सप्टेंबर, सकाळी ८:१०)

गुगलचं नको. आमच्या गावात निम्म्या फोनमधलं जीमेल मोबाइलच्या दुकानात काढून दिलेलं आहे. पासवर्ड मालकाला माहीत नाही, दुकानदाराला माहीत आहे.

ओटीपी बरा, पण 'एक नंबर म्हणजे एक माणूस' हे आधी डोक्यातून काढा. आमच्या सभासद नोंदवहीत एकाच मुलाचा नंबर वडील, आई आणि चुलती अशा तिघांपुढं लिहिलाय, कारण घरात चालणारा फोन तोच. काही बायकांच्या नावावर शेअर आहेत, सातबाऱ्यावर नाव आहे, पण फोन नवऱ्याचा. तिची पट्टी त्याला दिसावी का, हे तिला विचारून ठरवा. फॉर्मवर तिची सही घ्या. आपण मनानं धरून चालतो आणि मग तिच्या पैशाची बातमी तिच्याआधी घरात पोहोचते.

नंबर बंद पडतात हेही आहे. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. दोन वर्षं रिचार्ज न केलेल्या सभासदाचा नंबर आज कुणाकडं आहे ते आपल्याला माहीत नसतं. दर हंगामाला, पहिल्या काटापावतीच्या वेळी, नंबर समोर वाजवून बघा.

---

बालाघाट (४ सप्टेंबर, सकाळी १०:००)

ताईंनी डेटाबेसची रचनाच सांगून टाकली. लॉगिनचं खातं वेगळं आणि सभासद वेगळा. मधे एक जोड-टेबल: हे खातं, या सभासदाच्या वतीनं, या तारखेपासून या तारखेपर्यंत, कुणाच्या संमतीनं. मुलाच्या खात्याला तीन सभासद जोडलेले असतील तर त्याला तिघांच्या पट्ट्या दिसतील, आईनं संमती काढली की तिची ओळ बंद होईल. सामाईक खातेदार, सभासद वारल्यावर वारस, सगळं याच टेबलात बसतं. तुमचं 'दिसणाऱ्या पट्ट्या' फंक्शन याच टेबलातून सभासद शोधेल.

ओटीपीचा एसएमएस पाठवायला डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसची नोंदणी व्यवस्था) कंपनी, हेडर (एसएमएसवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळं. त्याला दिवस लागतात, आजच अर्ज करा.

---

खाम (४ सप्टेंबर, दुपारी १:३०)

सध्या एवढंच सांगतो: २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीबद्दल ताई जे म्हणाल्या तेच म्हणतो, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. संचालकांना हे सांगा, म्हणजे तुम्हाला कामाला वेळ मिळेल.

आणि चाचण्या लिहा. प्रत्येक पत्त्यासाठी, प्रत्येक भूमिकेनं, दुसऱ्याची पट्टी मागायची आणि ४०४ येतं का ते बघायचं. नवा पत्ता घातला आणि चाचणीच्या तक्त्यात तो नसेल तर चाचणी नापास, असं ठेवा.

---

तेरणाकाठ (८ ऑक्टोबर, रात्री ९:३०)

मंडळी, महिनाभर गप्प होतो, त्याबद्दल माफी.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर सगळ्यांना ऑफिसात बसवलं. तोलारी, प्रत बघणारा, हिशेबनीस, दोन संचालक आणि पाच सभासद, त्यांतल्या दोन महिला. फळ्यावर आडव्या रांगेत माणसं आणि उभ्या रांगेत कामं लिहिली आणि एकेक घर भरत गेलो. तीन तास लागले. सगळ्यात जास्त वाद झाला तो संचालकांच्या घरावर. एका संचालकांचं म्हणणं, आम्ही कंपनी चालवतो, आम्हाला प्रत्येकाची पट्टी दिसलीच पाहिजे. एक सभासद ताई उठून म्हणाल्या, तुम्ही पण माल घालता, तुमची पट्टी मला दिसंल का? शेवटी ठरलं की संचालकांना गावनिहाय एकूण वजन आणि रक्कम दिसेल, नावं नाहीत. तक्रार आली तर ती एक पट्टी सीईओ उघडून देईल आणि उघडल्याची नोंद राहील. मला हे एकट्यानं ठरवता आलं नसतं.

काट्यावर सहा आकडी पिन सुरू आहे, पाच चुकांनंतर पंधरा मिनिटं बंद. तोलाऱ्याला पट्टीचं पानच नाही, मेनूतून नुसतं लपवलेलं नाही, सर्व्हरच नाही म्हणतो. फोटोचं फोल्डर बंद केलं. आकडे कुठल्याही लिपीत टाका, चालतात. डीएलटीचा साचा पहिल्यांदा नामंजूर झाला, दुसऱ्यांदा मिळाला. सीएंना ३१ मार्चच्या हिशेबापुरतं, मुदत घातलेलं आणि फक्त बघायचं खातं दिलंय. चाचण्या एकशे चाळीस झाल्यात.

वारसाचं अजून पूर्ण झालं नाही. सभासद वारला की त्याची जोड बंद करायची हे सोपं, पण वारसाची नोंद लागेपर्यंत मधल्या काळात घरच्यांना जुनी पट्टी कशी द्यायची ते ठरलेलं नाही. सध्या ऑफिसात येऊन, मृत्यूचा दाखला दाखवून, छापील प्रत.

परवा लिंक परत चालू केली आणि पहिल्यांदा त्या अकरावीतल्या पोरालाच दिली. तो दीड तास बसला होता. एक गोष्ट सापडलीच त्याला: नोंद नसलेला नंबर टाकला तर वेगळं वाक्य यायचं आणि नोंद असलेला टाकला तर वेगळं, म्हणजे कोण सभासद आहे ते कळत होतं. आता दोन्हीकडं एकच वाक्य आहे.

---

काळीमाती (९ ऑक्टोबर, सकाळी ११:२०)

चांगलं केलाव. एक इचारतो. पट्टी रद्द झाली तर ती शेतकऱ्याला मोबाइलवर दिसती का? का निस्ती नवीनच दिसती?

---

तेरणाकाठ (९ ऑक्टोबर, दुपारी १२:०५)

दिसते काका. आडवी रेघ मारलेली, आतला आकडा वाचता येतो. खाली कारण, रद्द करणाऱ्याचं नाव आणि वेळ, आणि त्याच्या खाली नवी पट्टी.